काठव्यांचा इतिहास आला तेव्हा

आमचा इतिहास आला तेव्हा माझी लेक पूर्ण दिवसांची होती आणि घरात मोकळी जागा एकच होती. इतिहास शिसवी होता. माणसाहून उंच, पितळी कड्यांची कपाटं होती ती, आणि बैलगाड्यांतून घाट चढून आली होती. पहिल्या गाडीतले गृहस्थ खाली उतरले, धोतराची धूळ झटकली आणि दारातून आत डोकावून म्हणाले, "काठवे लोक ते तुम्हीच ना? तुमचा इतिहास तयार झालाय. कुठं ठेवायचा?"

आम्ही काठवे आता जितके उरलोय तितके एका घरात राहतो. घर कड्याच्या अगदी टोकाला आहे आणि प्रत्येक कुटुंबाला एकेक कोनाडा आहे. कोनाड्याकोनाड्यातून सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण कोणी कुठं बसायचं हे आमच्यात मी सांगते.

मी पंगती बसवते. बारसं असो, लग्न असो, तेरावं असो, कोण कोणाशेजारी मावेल हे माझ्या डोक्यात पक्कं असतं. कोणाची रुंदी चार बोटं, कोणाची तीन, कोण तीन असून चारचा आव आणतो, कोण शेजारणीच्या पदरावर बसून स्वतःचं बोटभर वाचवतो, सगळं. लोकांना माणसं नाकाडोळ्यांवरून आठवतात, मला रुंदीवरून. माझे यजमान दीड बोट आहेत आणि खिडकीच्या झडपेमागं राहतात. हवेशीर आहे, असं त्यांचं म्हणणं. जावई त्याच्याच लग्नात वऱ्हाडाला जागा करता करता असा काही सरकला की अजून अंगणातच कुठं तरी आहे. ऊन तिरपं झालं की त्याची सावली दिसते, दोऱ्याएवढी. माझी लेक शेवरी रोज तिच्याशी बोलायला जाते. संसार बरा चालला असावा, पोटावरून तरी तसंच दिसत होतं.

तर इतिहास. कपाटांत काय लिहून आणलं होतं ते मला ठाऊक नाही, पण आमच्यात तो तोंडानं सांगतात आणि तो लहान आहे. काठवे मुळात नदीकाठचे. तेव्हा आम्ही चांगले रुंद होतो. दोघं बसले की ओसरी भरायची म्हणतात. मग पसरे आले. आम्ही त्यांना पसरे म्हणतो. ते स्वतःला नुसतं माणसं म्हणवतात. त्यांच्यातला पहिला आमच्या मूळपुरुषाला म्हणाला, "जरा सरकता का?" मूळपुरुष सरकला. पसरा म्हणाला, "फार उपकार झाले." ते वाक्य आम्ही अजून लग्नात मंगलाष्टकांनंतर म्हणतो. तो बसला, मग त्याचे भाऊ बसले, मग म्हशी बसल्या. आम्ही नदीवरून उतारावर सरकलो, उतारावरून कड्यावर. कड्याच्या पुढं जमीन नव्हती. दुसरे कुठलेही लोक तिथं थांबले असते. आम्ही आतल्या आत सरकायला लागलो.

आणि ते आम्हाला छान जमायला लागलं. तिथं खरं नुकसान झालं. जे जमतं त्याचा माणसाला अभिमान वाटतो, मग ते स्वतःचा गळा आवळणं का असेना. आमच्यात मुलगी बघायला गेलं की तिला स्वैपाक येतो का, गाणं येतं का, कोणी विचारत नाही. म्हणतात, "बाळ, जरा सरक." ती कशी सरकते, कुरकुर न करता, पदर कुठं न अडकू देता, त्यावर लग्न ठरतं. शेवरी अशी सरकायची की बघायला आलेल्या बायका डोळे पुसायच्या. मीच शिकवलं होतं तिला. खांदा आधी, मग श्वास, मग राहिलेली बाई.

पण बाळ रुंदच जन्मतं. काठव्याचं झालं तरी बाळ गोलच असतं. त्याला काही कळत नाही, हातपाय पसरतं, सरकायचं ते नंतर शिकतं. जागा नसेल तर ते जन्मतच नाही, आणि जन्मलं नाही तर आईलाही राहू देत नाही. म्हणून आमच्यात बाळंतजागा गोळा करायची रीत आहे. बाळंतिणीची आई कोनाड्याकोनाड्याशी जाते, विरजण मागायला जावं तशी, आणि प्रत्येकजण थोडा थोडा सरकून तिला जागा देतो. ती ओटीत घेऊन यायची आणि मधल्या खोलीत आधीच्या जागेला जोडायची.

मी हिवाळाभर हिंडले. नागूआत्या म्हणाली, "घे बाई. तुझ्या पोरीच्या बारशाला मी अख्खं बोट दिलं होतं, ते काही परत आलं नाही."

"आत्या," मी म्हटलं, "तुमच्या सासूच्या तेराव्याला तुम्हाला मी खांबाशेजारी बसवलं होतं. खांबाकडचं बोट तुमच्याच पदरात पडलं ना?"

"बसवणारणीची जीभ पाहा. तीच तेवढी सरकली नाही कधी," आत्या म्हणाली आणि तिनं दिली. पण देताना असा काही सुस्कारा सोडला की त्या जागेला कायमची सुरकुती पडली. लवणाबुवांकडं गेले. बुवा आमच्यात सगळ्यांत वडील आणि सगळ्यांत पातळ, भाकरीच्या पापुद्र्यासारखे. दिवा त्यांच्यामागं ठेवला तरी उजेड पडतो. त्यांच्याकडं देण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी आशीर्वाद दिला. आशीर्वाद चांगला जाडजूड होता, पण त्यात कोणी बाळंत होऊ शकत नाही.

अशी करून वाकळेएवढी जागा जमली. मी ती सारवली, भोवती रांगोळी घातली. तिच्यावर कोणी पाय ठेवत नसे. आतली हवासुद्धा निराळी होती, थंड आणि न वापरलेली. शेवरी तिच्या काठाशी उभी राहून तासन्‌तास आत बघायची, विहिरीत बघावं तशी. "आई, यात बाळ मावून उरेल गं," म्हणायची.

गाडीतल्या त्या गृहस्थांचं नाव खंडेपंत. ते उंबरा ओलांडून आत आले, आडवे वळून मधल्या खोलीत शिरले आणि त्यांना ती जागा दिसली.

"अरे वा!" ते म्हणाले. "जागा करूनच ठेवलीत की तुम्ही!"

आता कोणी तरी बोलायला हवं होतं. त्यांच्या सगळ्यांत जवळ लवणाबुवा उभे होते. मला वाटलं, बुवा बोलतील. म्हाताऱ्या माणसाला काहीही चालतं. बुवांनी हात जोडले.

"तुमच्यासाठीच केली," ते म्हणाले.

नागूआत्यानं मान डोलावली. झडपेमागून आमचे हे "हो हो, कधीची" म्हणाले. आणि शेवरीनं खाली वाकून पदरानं रांगोळी पुसून टाकली, कपाटाच्या पायाला अडचण नको म्हणून.

मी त्या क्षणी सगळ्यांना पुन्हा एकदा नजरेनं मापून घेतलं. एकाचंही माप पुरं भरलं नाही. माझं धरून.

पहिलं कपाट त्या जागेत असं चपखल बसलं, जणू मापं घेऊनच केलं होतं. खंडेपंतांनी त्यावर थाप मारली आणि गाड्यांकडं वळून दुसरं मागवलं. "बाकीच्या कपाटांसाठी जरा सरकता का?" ते म्हणाले. आम्ही सरकलो. "फार उपकार झाले," ते म्हणाले, आणि नागूआत्या हुंदके देऊन रडायला लागली. मूळपुरुषाला म्हटलेलं वाक्य तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं. यापुढं मेलं तरी चालेल, असं ती म्हणाली, आणि तेवढ्या आनंदात आणखी अर्धं बोट सरकली.

दुसरं कपाट आलं, तिसरं आलं. प्रत्येक कपाटामागं खोलीची एक भिंत दुसरीच्या जवळ येत होती. छतही खाली आलं असावं, कारण लवणाबुवा मान एका खांद्यावर टेकून बोलत होते. खंडेपंत मात्र माणूस भला. घाम पुसायला थांबले की आमची चौकशी करत, मुलं किती, पाणी कुठून आणता. मी त्यांना विचारलं, "यात आहे तरी काय?"

"तुम्ही," ते म्हणाले. "सगळे. नदीपासून इथपर्यंत. पिढ्या खपल्या आमच्या त्यात."

"उघडून दाखवा की."

त्यांनी कड्यांकडं पाहिलं, मग खोलीकडं. "दारं बाहेर उघडतात, बाई. त्यांना जागा लागेल."

"मग वाचायचं कसं?"

"वाचायला नाही हो," ते समजुतीनं म्हणाले. "असायला. मोठमोठ्या लोकांचेसुद्धा असतात. तुमचा नव्हता. बरं दिसत नव्हतं ते."

एका कपाटाच्या पाठीला शेवरी उभी होती. म्हणजे तिची पाठ भिंतीला आणि पोट कपाटाला. आत बाळ लाथ मारी, ती लाथ इतिहासावर बसे आणि शिसवी लाकूड ठक्क वाजे. मग कपाटाच्या आतून कोणी तरी "कोण आहे?" असं विचारल्यासारखा आवाज येई, पुष्कळ लांबून, नदीवरून आल्यासारखा. कोणी उत्तर देत नसे. पाहुण्यांच्या सामानाशी बोलणं बरं नाही.

"आई," शेवरी हळूच म्हणाली, "सुरू झालंय वाटतं. पण घाई नको करूस. पाहुण्यांचं आटपू दे."

तिच्या कपाळावर घाम होता, तोही पातळ, अंग चोरून उभा. मी हात लांब करून तो पुसला आणि कपाटांच्या फटीतून लवणाबुवांपर्यंत गेले. मला जायला वेळ लागला. पंगती बसवणारीण स्वतः पंगतीत बसत नाही, त्यामुळं माझी रुंदी इतरांपेक्षा थोडी टिकून होती. त्या रुंदीचा मला कधी एवढा राग आला नव्हता.

"बुवा, बोला काही तरी. पोर जाईल माझी."

"पाहुण्यांसमोर?"

"मग कधी?"

"पाहुणे गेले की."

"आपल्याकडून पाहुणे कधी गेलेत, बुवा?"

बुवा विचार करायला लागले. एवढ्या पातळ माणसाचा विचार बाहेरून दिसतो. तो त्यांच्या एका कडेनं निघाला, दुसऱ्या कडेपर्यंत गेला आणि तिथं संपला. "तसं काही आठवत नाही," ते म्हणाले.

मी झडपेशी गेले. "अहो, ऐकता का? तुमची मुलगी आहे ती."

"मी बोललो असतो गं," झडपेमागून हे म्हणाले. "पण मी बाहेर आलो तर कोणाला तरी सरकावं लागेल. उगाच कशाला."

नागूआत्या कोनाड्यातून म्हणाली, "बाळंतपणं काय, होत राहतात. इतिहास काही रोज येत नाही." मग माझं तोंड बघून तिनं तिचं तोंड आत घेतलं.

तेवढ्यात गाडीवाल्यांनी शेवटचं कपाट दारात आणलं. ते इतरांहून मोठं होतं. खंडेपंतांनी खोलीभर नजर फिरवली, जिथं म्हणून काही उरलं होतं तिथं. ते शेवरीपाशी उरलं होतं. तिच्या पोटापुरतं.

"एवढं शेवटचं," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "ताई, जरा सरकता का?"

शेवरीनं पदर गोळा केला. तिचा उजवा खांदा आत वळला. मला तो खांदा माहीत आहे. त्याच्यानंतर श्वास येतो, आणि श्वासानंतर पोटाला जायला जागा नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

काठव्यानं पाहुण्याला हे म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळं कसं म्हणतात तेही मला नीट ठाऊक नव्हतं. शब्द माझ्या तोंडापेक्षा रुंद निघाला. त्याला बाहेर यायला माझे गाल फाकले, आणि गाल फाकले म्हणून मान, आणि मानेपाठोपाठ खांदे. बांगड्या तडकून खाली पडल्या. चोळीचे टाके एकामागून एक उसवले. माझा एक खांदा या भिंतीला लागला, दुसरा त्या भिंतीला, आणि दोन्ही भिंती मुकाट मागं गेल्या. पायांखाली मला जमीन लागली, सगळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत गार. मी मांडी घालून खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा मांडी घातली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

खंडेपंत ताडकन मागं झाले. त्यांनी पागोटं नीट केलं.

"माफ करा, बाईसाहेब," ते म्हणाले. "आधी बोलायचं नाही का? आम्हाला काय ठाऊक, इथं आपल्यातलं कोणी राहतं म्हणून."

वाद नाही, घासाघीस नाही. पसऱ्यांना तो शब्द कळतो. ते दिवसभर एकमेकांना तो म्हणत असतात. खंडेपंतांनी हात केला आणि गाडीवाल्यांनी शेवटचं कपाट दारातूनच मागं घेतलं. मग आतली उचलायला लागले, पहिलं, बाळंतजागेवरचं, तेसुद्धा. एवढं सोपं होतं. मी बसल्या जागी हिशेब करत होते, नदीपासून कड्यापर्यंत किती वेळा हे एवढंच सोपं झालं असतं.

कपाटं गाड्यांत चढली तेव्हा लवणाबुवांनी दारातून विचारलं, "आणि आमचा इतिहास?"

खंडेपंतांनी आवाजाच्या दिशेला पाहिलं. मग थोडं इकडं, थोडं तिकडं. "ज्यांचा आहे ते कोणी दिसत नाहीत," ते गाडीवाल्याला म्हणाले. "पत्ता चुकला असेल. चल, वळव." बैलांच्या घुंगरांचा आवाज घाट उतरून गेला.

खोली रिकामी झाली. भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसती जागा. वाकळेएवढी नव्हे, शेताएवढी. पलीकडं, कड्याच्या बाजूच्या भिंतीला टेकून शेवरी उभी होती, दोन्ही हात पोटाखाली धरून.

"शेवरी, ये," मी म्हटलं. "नीज इथं. पाय पसर. सगळी तुझीच आहे ही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तोंडाकडं नाही. आमच्या घराण्यात तोंडाकडं आधी बघत नाहीत. तिची नजर माझ्या एका खांद्यावरून निघाली आणि सावकाश दुसऱ्या खांद्यापर्यंत गेली, मी सगळ्यांना बघते तशी. मग तिनं पोटाखालचे हात काढून जोडले.

"या ना," ती म्हणाली. "अवघडून का बसलात? नीट बसा."

"अगं, मी आई."

"हो हो," ती कळ गिळत म्हणाली. "तुम्ही आईसारख्याच. बसा निवांत. आमचं काही नाही, आम्हाला सवय आहे."

आणि ती सरकली. इतकं सुंदर सरकताना मी तिलाही कधी पाहिलं नव्हतं. खांदा, श्वास, मग राहिलेली सगळी, पोटासकट. तिच्या बाजूनं नागूआत्या सरकली, "फार मोठ्या घरच्या दिसतात" असं पुटपुटत. लवणाबुवा सरकले ते मला दिसलेच नाहीत, भिंतीवर नुसती रेघ ओढल्यासारखं झालं. आमच्या ह्यांची झडप आपणहून मिटली.

मी उठले आणि तिला धरायला धावले. मी जेवढी पुढं गेले तेवढी खोली पुढं लांबली, आणि तेवढेच ते सगळे त्या टोकाशी आणखी सरकले. मी थांबले, तेही थांबले. "सरकू नका!" मी ओरडले. ओरडण्यालाही जागा लागते. ती त्यांनी दिली.

मी अंग चोरायचा प्रयत्न केला. खांदा आत वळवून पाहिला. वळला नाही. श्वास रोखून पाहिला. आत एवढी जागा झाली होती की रोखलेला श्वास तिथं नुसता येरझाऱ्या घालत राहिला. शिकवणारी मी, पण मला कोणी शिकवावं असं त्या घरात आता कोणी माझ्यासमोर उभं राहत नव्हतं. मी पंगतीत म्हणते तसं एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. प्रत्येक नावाला भिंतीतून अदबीचा आवाज आला, "असू द्या, असू द्या," आणि दर वेळी अधिक लांबून.

त्या भिंतीपलीकडं जमीन नाही.

मग बाळ रडलं. ते रडणं काठव्यांचं नव्हतं. अजून त्याला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. मोठं, गोल, हातपाय पसरून रडणं ते. भिंतीच्या पार टोकाला, जमिनीपासून वीतभर वर, केसाएवढी भेग होती, तिच्यातून येत होतं. मी जागची हलले नाही. आवाज केला नाही. गुडघे टेकले, आणि सबंध अंगातलं एकच बोट, तेही करंगळी, सावकाश पुढं केली.

रडणं थांबलं. आत कोणी तरी कोणाला तरी गप्प केलं, आणि भेग थोडी बाजूला सरकली.